दोन्ही स्लॉट

मंडळाच्या बैठकीत या अंकासाठी कोण काय लिहिणार याची यादी चालली होती. पाऊस, होस्टेल, आजोळ, पहिलं प्रेम असे विषय भराभर वाटले गेले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी फोनच्या फर्मवेअरवर लिहिते." सगळे हसले. सर म्हणाले, "लिही, पण साहित्यात बसव म्हणजे झालं." ते बसतंय की नाही ते तुम्ही ठरवा. सप्टेंबरात आमच्या घरी जे झालं ते मी फक्त सांगते.

आम्ही डिचोलीचे. घरी कोंकणी, शाळेत मराठी, आता कॉलेजात मराठी आणि इंग्रजी. "तू कॅथलिक, आणि मराठी साहित्य?" हा प्रश्न मला सासष्टीकडच्या मैत्रिणी हमखास विचारतात. डिचोलीत कुणी विचारत नाही. आमच्याकडे जत्रेत रात्रभर मराठी नाटक चालतं, आणि पहिल्या रांगेत खुर्ची धरायला आमच्या घरचीही माणसं जातात. माझी शामाय, म्हणजे पायची आई, पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळेत चार इयत्ता शिकली. तिचं प्रार्थनेचं पुस्तक रोमी कोंकणीत आहे आणि रोजचा पेपर मराठी. ती आता ८४ वर्षांची आहे.

लग्न होऊन ती या वाड्यावर आली तेव्हा इथं पत्र लिहू शकणारी ती एकटीच बाई होती. वाड्यावरचे काही पुरुष मुंबईला असायचे. धोबीतलावच्या बाजूला गोंयकारांच्या 'कूड' म्हणून सामायिक खोल्या होत्या, तिथं राहायचे, तिथूनच बोटीवर चढायचे. त्यांच्या बायका संध्याकाळी आमच्या बलकांवात येऊन बसायच्या आणि शामाय त्यांची पत्रं लिहायची. कुणाला रोमी कोंकणी हवं, कुणाला मराठी. आलेली पत्रंही तीच वाचून दाखवायची. म्हणजे अख्ख्या वाड्याची गुपितं तिच्या पोटात.

माझ्या प्रकल्पाचा विषय मौखिक कथन असा आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस असताना, मी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि रेकॉर्डर चालू केला. ४७ मिनिटं ती बोलली. शेवटची दहा मिनिटं तिनं एका शेजारणीची गोष्ट सांगितली. शेजारणीचा नवरा बोटीवर, आणि इथं तिचं तान्हं मूल तापानं गेलं. ती शामायकडे आली आणि म्हणाली, हे लिहू नकोस. तो एवढ्या लांब आहे, एकटा आहे, समुद्रात उडी मारील. तर वर्षभर शामायनं पत्रांत "मूल बरं आहे" असंच लिहिलं. वर्षानं तो घरी आला. दारातूनच त्यानं मुलाला हाक मारली.

एवढं सांगून शामाय गप्प झाली. मग म्हणाली, "एकदां सांगलां तें सांगलां. परत विचारूं नाका."

मी नंतर कधी विचारलं नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण ती फाईल मी दुसरीकडे कुठं ठेवलीही नाही. ती माझ्या फोनात होती. फक्त फोनात.

आता फोनाविषयी. फोन मी वापरलेला विकत घेतला होता. कंपनीनं तीन वर्षांनी त्याचे अपडेट बंद केले. फोन चांगला, बॅटरी चांगली, पण म्हातारा ठरवून टाकलेला. असे फोन जगवण्याचा एक मार्ग म्हणजे कंपनीची सिस्टिम काढून दुसरी बसवणं. सायनोजेनमॉड नावाची अशी एक सिस्टिम होती, ती २०१६च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्यातूनच लिनिएजओएस उभी राहिली. जगभरातली हौशी माणसं ती चालवतात. मे महिन्यात मी माझ्या फोनाचा बूटलोडर उघडला आणि लिनिएजओएस टाकली. बूटलोडर उघडताना फोनातलं सगळं पुसलं जातं, ते ठाऊक होतं, तेव्हा आत गमावण्यासारखं काही नव्हतं. सगळं सुरळीत झालं. त्या यशानं मला शिंगं फुटली.

पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. जरा धीर धरा, अवघड नाही.

पूर्वी अँड्रॉइडचा अपडेट आला की फोन काही मिनिटं बंद असल्यासारखा राहायचा. पडद्यावर तो हिरवा रोबो, आणि आपण नुसतं बघत बसायचं. मध्येच काही बिघडलं तर फोन गेला. २०१६मध्ये अँड्रॉइड ७ आणि पहिले पिक्सेल फोन आले, तेव्हा गूगलनं नवी रचना आणली. ती त्यांच्या क्रोमओएसमध्ये आधीपासून होती. फोनातली सिस्टिमची जागा दोन भागांत करायची: स्लॉट ए आणि स्लॉट बी. आपण ए वापरत असलो की अपडेट गुपचूप बीमध्ये लिहिला जातो. आपण रील बघत असतो, आत काम चाललेलं असतं. मग फोन रीस्टार्ट केला की बी चालू. पुढचा अपडेट एमध्ये. असं आळीपाळीनं.

आमच्या जत्रेतल्या नाटकवाल्यांना हे लगेच कळेल. फिरता रंगमंच. पुढच्या अर्ध्यावर राजाचा दरबार चाललाय, आणि मागच्या अर्ध्यावर माणसं पाय न वाजवता जंगल उभं करतायत. अंक संपला की रंगमंच फिरवला. आणि फोनात एक जादा सोय आहे: जंगल नीट उभं राहिलं नाही तर रंगमंच आपोआप परत फिरतो आणि दरबार पुढं येतो. नवा स्लॉट ठरावीक वेळा प्रयत्न करूनही सुरू झाला नाही, तर बूटलोडर त्याच्यावर फुली मारतो आणि जुन्या स्लॉटवर जातो.

पण रंगमंचाखाली तारा असतात, दिव्यांची जोडणी असते. फोनातली ही जोडणी म्हणजे फर्मवेअर. मोडेम, ब्लूटूथ, चिपचा सुरक्षित भाग, खुद्द बूटलोडर, या सगळ्यांचे छोटे छोटे प्रोग्रॅम. ते आपल्याला दिसत नाहीत. अँड्रॉइड त्यांच्यावर उभी असते. आणि ही जोडणीसुद्धा बऱ्याच फोनांत दोन-दोन असते, ए स्लॉटची वेगळी आणि बीची वेगळी. खरी गोम इथं आहे. संगणकाला फोन जोडून तुम्ही फास्टबूटमधून एखादी फाईल टाकली आणि स्लॉट सांगितला नाही, तर ती फक्त चालू स्लॉटमध्ये जाते. दुसऱ्या स्लॉटात जुनंच राहतं. वरून सगळं छान दिसतं.

सप्टेंबरात लिनिएजची नवी आवृत्ती टाकायची होती, तिला नवं फर्मवेअर लागणार होतं. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की फर्मवेअर दोन्ही स्लॉटांत टाका. मी वाचलं. पण आपण परीक्षेत प्रश्न वाचतो तसं वाचलं, म्हणजे मला जे येत होतं तेवढंच दिसलं.

७ सप्टेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी मोंती सायबिणीचं फेस्त. नवेनांचे नऊ दिवस संपत आले होते, माय सान्नांची तयारी करत होती. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. फर्मवेअरच्या फाईली एकामागून एक टाकल्या. स्लॉट सांगितला नाही, त्यामुळे सगळ्या एमध्ये गेल्या. फोन एकदा चालू करून बघितला, चालला. मग रिकव्हरीतून नवी सिस्टिम टाकली. ती नियमाप्रमाणे दुसऱ्या स्लॉटात, म्हणजे बीमध्ये गेली. फोन रीस्टार्ट केला.

नवी सिस्टिम, खाली जुनी जोडणी. लोगो आला, गेला. परत आला, परत गेला.

इथं मी काहीही न करता दोन मिनिटं बसले असते तर? बूटलोडरनं बीवर फुली मारून ए चालू केला असता. जुनी सिस्टिम उभी राहिली असती आणि मी फेस्ताला गेले असते. पण हात स्वस्थ बसतात का! मी बटणं दाबून फोन फास्टबूटमध्ये आणला आणि नव्या आवृत्तीची बूट फाईल परत टाकली, म्हटलं तीच बिघडली असणार. तोपर्यंत रंगमंच फिरला होता. चालू स्लॉट ए झाला होता. मी बघितलंच नाही. म्हणजे जो स्लॉट धड होता त्याची बूट फाईल मी माझ्या हातानं बदलून टाकली. आता बीमध्ये नवी सिस्टिम आणि जुनं फर्मवेअर, आणि एमध्ये नवं फर्मवेअर, जुनी सिस्टिम आणि तिला न चालणारी बूट फाईल. दोन्ही बाजूंनी काळोख.

रात्री दीड वाजता मला ४७ मिनिटं आठवली. तोवर मी फक्त फोनाचा विचार करत होते.

फेस्ताच्या दिवशी मी मिसाला गेले. लहान मुलं सायबिणीला फुलं वाहत होती आणि मी मनातल्या मनात स्लॉट मोजत होते. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. त्यानं फोन फिरवून बघितला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाणार. ५०० रुपये." मी विचारलं, डेटा न घालवता? तो म्हणाला, "बाय, डेटा की फोन?" मी म्हटलं, फोन तुम्ही ठेवा, डेटा द्या. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करतेय.

मेमरी काढून दुसरीकडे वाचता येत नाही का, हेही मी विचारलं. नाही येत. आजकालच्या फोनांत सगळं कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच फोनाच्या चिपच्या आत असते. तो फोन स्वतः जागा झाला आणि मी माझा पिन टाकला तरच दार उघडणार.

घरी आले तेव्हा शामाय बलकांवात बसली होती. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "कितें जालें गो? फोन मेलो?"

मी हो म्हटलं. मग खरं ते सांगितलं.

"तातूंत म्हजें उलोवप आशिल्लें?"

"हो."

ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मागीर? हांव अजून जिवी आसां न्हय."

मला वाटलं होतं ती रागावेल. त्यापेक्षा हे ऐकणं कठीण होतं. कारण ती जिवंत आहे हे खरं, पण परत विचारू नको असंही तिनंच सांगितलं होतं.

बुधवारी, डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, माझा प्रीम आला. प्रीम म्हणजे माझा आतेभाऊ. साखळीला राहतो, आयटीआय केलंय, बाजाराला आला की आमच्याकडे जेवतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी मासळीची पिशवी मायकडे दिली, हात धुतले आणि मग विचारलं, "आत्ता कुठला स्लॉट चालू आहे?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवसांत मी तो एकच प्रश्न विचारला नव्हता.

फास्टबूटला विचारता येतं. एका ओळीची आज्ञा असते. उत्तर आलं: ए. दुसरी आज्ञा दिली की दोन्ही स्लॉटांची हालहवाल येते. बीसमोर लिहिलं होतं की हा सुरू होण्याजोगा नाही, शिल्लक प्रयत्न शून्य.

"बी मेलेला नाही," प्रीम म्हणाला. "त्याच्यावर नुसती फुली मारलीय. त्यातली नवी सिस्टिम आणि तिची बूट फाईल तू कुठं हलवलीस? ती आहे तशी आहे. खालची जोडणी तेवढी जुनी."

मग आम्ही बसलो. फर्मवेअरच्या दीड डझन फाईली. प्रत्येक नाव टाइप करायचं, शेवटी अंडरस्कोर आणि बी लावायचं. मोडेम बी. ब्लूटूथ बी. मी नाव वाचायची, तो टाइप करायचा, मी परत वाचायची, मगच एंटर. एकदा त्याचं बोट ए वर गेलं आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. सगळ्यात भीती वाटत होती ती एका छोट्या अक्षराची. आज्ञेत डब्ल्यू लावला की सगळा डेटा पुसला जातो. सवयीनं तो लावणारे पुष्कळ असतात. आम्ही तो लावला नाही. शेवटी बी स्लॉट चालू करण्याची आज्ञा दिली. त्यानं बीवरची फुली पुसली जाते आणि प्रयत्नांचा आकडा परत भरला जातो. रीस्टार्ट.

लोगो आला. माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. लोगो गेला नाही. चारेक मिनिटं तो गोल फिरत राहिला, आणि मग पडद्यावर पिन विचारणारी चौकट आली.

मी रेकॉर्डर उघडला. ४७ मिनिटं होती.

नंतर वाचताना कळलं की या चुकीत मी एकटी नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६एसाठी अँड्रॉइड १३ आलं, तेव्हा त्यासोबत बूटलोडरमध्ये एक बंदोबस्त होता: एकदा नवा बूटलोडर आला की चिपमधला मोजणीचा आकडा पुढं सरकतो आणि जुना बूटलोडर परत चालत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच. पण पहिल्या अपडेटनंतर दुसऱ्या स्लॉटात जुनाच बूटलोडर पडून राहतो. पुढं काही बिघडून फोन त्या स्लॉटवर गेला तर तो उठणारच नाही. म्हणून हातानं फ्लॅश करणाऱ्यांना गूगलनं स्वतः सांगितलं होतं की नवा बूटलोडर दोन्ही स्लॉटांत टाका. माझ्या फोनात असा आकडा पुढं सरकला असता तर प्रीम मासळी देऊन परत गेला असता.

पण रात्री झोप येईना तेव्हा मला वेगळीच गोष्ट सलत होती. फोनात सिस्टिम दोन, बूट दोन, मोडेम दोन. या सगळ्या गोष्टी इंटरनेटवरून हव्या तेव्हा परत उतरवता येतात. आणि आपला डेटा, ज्याची जगात दुसरी प्रत नाही, त्याचा भाग एकच. तो दोन्ही स्लॉटांना सामायिक. मला इतके दिवस वाटत होतं, दोन स्लॉट आहेत म्हणजे फोन माझी काळजी घेतोय. तो स्वतःची घेत होता. माझ्या वस्तूची काळजी माझ्याकडे होती.

आपण पहिल्या वर्षी ख्रिस्तपुराणाविषयी शिकलो ते आठवतंय? फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण लिहिलं. १६१६मध्ये ते राशोलला रोमी लिपीत छापलं, पुढं १६४९ आणि १६५४मध्येही. तीन वेळा छापलेल्या या ग्रंथाची एकही छापील जुनी प्रत सापडत नाही. आपल्यापर्यंत तो आला तो हातानं उतरवलेल्या पोथ्यांमधून. १९०७मध्ये मंगळूरला जी आवृत्ती निघाली ती हस्तलिखितांवरून. देवनागरीतली एक पोथी तर लंडनला मार्सडेन संग्रहात मिळाली. परीक्षेत मी हे चार मार्कांसाठी लिहिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा मला ते उतरवणारे लोक आठवले. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. दिवा लावून, एकेक ओवी, दुसऱ्या कागदावर.

सकाळी मी ती फाईल लॅपटॉपवर घेतली, एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि पेन ड्राइव्ह प्रीमकडे साखळीला पाठवला. मग एक दोनशेपानी वही आणली आणि ४७ मिनिटं हातानं उतरवायला बसले. पाच मिनिटं उतरवायला तास जायचा. शामाय आत-बाहेर करता करता ऐकायची. स्वतःचा आवाज तिला आवडला नाही. म्हणाली, म्हातारीसारखा येतो.

शेवटची दहा मिनिटं लावण्याआधी मी तिला विचारलं, हे उतरवू का? आणि मंडळाच्या अंकात लिहू का? ती माणसं आता कुणी नाहीत. तिनं विचार केला. "बरय. नांव मात घालूं नाका."

मी लावलं. ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. पत्रांचा भाग आला, "मूल बरं आहे असंच शेजारीण लिहायला सांगायची," तेव्हा तिनं हात वर केला. मी थांबवलं.

"हें सारकें न्हय," ती म्हणाली.

मी पेन तसंच धरून बसले.

शेजारीण म्हणे फक्त "बरं आहे" एवढंच सांगायची आणि रडायची. पण नवऱ्याची पत्रं यायची, त्यात विचारलेलं असायचं: दात आले का? चालतो का? मला ओळखेल का? त्याला उत्तर काय द्यायचं? शेजारणीला ते प्रश्न वाचून दाखवायचं शामायला धाडस होईना. तेव्हा ती ते प्रश्न गाळून वाचायची आणि उत्तरं स्वतःच लिहायची. दात आले. भिंतीला धरून उभा राहतो. तुमचा फोटो दाखवला की हसतो.

"तिणें सांगूंक नाशिल्लें," शामाय म्हणाली. "हांवेंच बरयलें."

जुलैत तिनं हे सांगितलं नव्हतं. साठ वर्षं कुणालाच सांगितलं नसावं. मी काही बोलले नाही. रेकॉर्डर चालू करायचं सुचलं नाही, आणि बरं झालं सुचलं नाही.

वहीत मी दोन्ही लिहिलंय. आधी रेकॉर्डिंगमध्ये आहे तसं, अक्षरशः. त्याखाली एक रेघ मारून, त्या दिवशी तिनं सांगितलं तसं. प्रकल्पासाठी यातलं कुठलं खरं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही, सरांना विचारायचंय.

वही झाल्यावर शामायनं ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. आणि म्हणाली, आता आणखी एका वहीत उतरव, अक्षर जरा बरं काढ.